हात वाद्यावर, पान पुढे

पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो आणि उजवा पट्ट्यांवर. कीबोर्ड किंवा पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर. व्हायोलिनवाल्याच्या एका हातात गज, दुसऱ्या हाताची बोटं तारांवर. समोरचं पान संपलं की यांतला एक हात वाद्यावरून उचलावा लागतो आणि तेवढ्या वेळापुरतं वादन अपुरं पडतं. भाता सुटला तर सूर ओसरतो, कीबोर्डवरचा डावा हात सुटला तर खालची साथ जाते आणि गज सुटला तर सगळंच थांबतं.

पाश्चात्त्य संगीतात या अडचणीवर फार पूर्वीपासून व्यवस्था आहे. पियानोवादकाच्या डाव्या बाजूला पानं उलटणारा माणूस बसतो. वेळ आली की तो उठतो, डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरतो आणि वादकाच्या नजरेच्या आड न येता पान फिरवतो. मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनचे दोन वादक एका स्टँडवरून वाचतात. श्रोत्यांपासून लांबच्या बाजूला बसलेला वादक वाजवणं थांबवून पान उलटतो, म्हणजे त्या क्षणी त्या वाद्यगटाचा जवळजवळ अर्धा आवाज कमी झालेला असतो. चांगले प्रकाशक उजव्या पानाच्या शेवटी वादकाला विराम मिळेल अशी छपाई करतात. जिथे ते जमत नाही तिथे तळाशी ‘व्ही. एस.’ अशी अक्षरं असतात आणि वादकाला समजतं की इथे झटकन उलटायचं आहे.

आता कागदाची जागा बऱ्याच ठिकाणी टॅबने घेतली आहे. अमेरिकेतल्या बोरोमिओ स्ट्रिंग क्वार्टेटच्या वादकांनी २००७ च्या सुमारास लॅपटॉप आणि पायाने दाबून पान उलटायचं पेडल घेऊन वाजवायला सुरुवात केली. त्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. चौघांना आपापला भाग न वाचता सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी समोर हवी होती. तशी ती छापली तर दर थोड्या मापांनी (बारनी) पान उलटावं लागतं आणि ते हाताने शक्यच नव्हतं. २०१२ मध्ये ब्रसेल्स फिलहार्मोनिकने अख्ख्या वाद्यवृंदासमोर टॅब ठेवून कार्यक्रम केला. आपल्याकडे भावगीतांच्या कार्यक्रमांत, नाट्यगीतांच्या मैफलींत, भजनी मंडळांत आणि गोव्यातल्या चर्चच्या क्वायरमध्येही आता स्टँडवर टॅब सहज दिसतो. पण टॅब आला म्हणून हात मोकळा झाला असं होत नाही. कागदाचा कोपरा धरायचा तो हात आता काचेवर बोट फिरवतो, एवढाच फरक. घामेजलेलं बोट नीट लागत नाही, जोरात लागलं तर दोन पानं पुढे जातात.

यावर उपाय म्हणून बहुतेक जण सरळ पेडल विकत घेतात आणि दोन कार्यक्रमांनंतर ते कपाटात जातं. माझं मत असं आहे की पेडल ही खरेदी सगळ्यात शेवटी करावी. आधी तुमच्या शरीराचा कुठला भाग वाजवताना खरोखर मोकळा असतो ते पाहावं, मग पानं तशी तयार करावीत, आणि मग यंत्र निवडावं. या क्रमाने गेलात तर कदाचित फार कमी वेळा पान उलटावं लागेल.

मोकळं काय आहे?

खुर्चीवर बसून कीबोर्ड वाजवणाऱ्याचा उजवा पाय बहुतेक वेळा सस्टेन पेडलवर असतो, डावा मोकळा असतो. त्याच्यासाठी पान उलटायचं पेडल डावीकडे ठेवणं हा सोपा मार्ग आहे. पियानोवर डाव्या पायाशीही एक पेडल असतं, पण ते सतत लागत नाही. तेव्हा त्याच्या डावीकडे, पाय अंदाजाने सरकेल इतक्या अंतरावर दुसरं पेडल ठेवता येतं. व्हायोलिन, बासरी, गिटार वाजवणाऱ्यांचे दोन्ही पाय मोकळे असतात. उभं राहून वाजवत असाल तर मात्र एक पाय उचलताना शरीराचा तोल दुसऱ्या पायावर जातो आणि गजावर किंवा श्वासावर त्याचा परिणाम होतो. म्हणून पेडल पायाच्या पुढ्यात न ठेवता चवड्याखालीच असू द्यावं. टाच जमिनीवर राहिली पाहिजे.

ड्रम वाजवणाऱ्याचे दोन्ही पाय कामात असतात. ऑर्गनचंही तसंच. जुन्या संगीत नाटकांतली पायपेटी किंवा ऑर्गन आठवा. दोन्ही पायांनी भाता हलता ठेवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. आजही काही नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत हौसेने ऑर्गन ठेवतात. त्या वादकाला पेडल देऊन काही उपयोग नाही.

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण मात्र मांडी घालून बसणाऱ्यांची आहे. बाजारातली बहुतेक पेडलं खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी बनवलेली आहेत. पेटीवाला, तबलजी, बैठकीत बसलेला गायक यांचे पाय दुमडलेले असतात. काही जण पेडल गुडघ्याच्या बाहेरच्या कडेखाली सरकवतात आणि गुडघा किंचित खाली दाबतात. एखाद्या गाण्याला हे जमतं. दोन तासांच्या कार्यक्रमात गुडघा सतत अधांतरी धरून मांडी भरून येते, आणि गाण्यात रंगल्यावर गुडघा आपोआप खाली टेकतो आणि नको तेव्हा पान उलटतं.

काही कलाकारांना हा प्रश्न वेगळ्या अंगानेही छळतो. वाद्याला, पुस्तकाला, लिहिलेल्या बंदिशीला पाय लागू नये हा आपल्यावरचा संस्कार आहे. तो बाजूला ठेवायला कोणी सांगू नये. पेडल म्हणजे बंदिश नव्हे हे खरं, पण बैठकीत पाय पुढे करून काही दाबणं ज्यांना रुचत नाही त्यांच्यासाठी दुसरा चांगला मार्ग आहे. पेडल किंवा छोटा रिमोट ब्लूटूथवर चालतो आणि काही मीटरपर्यंत सहज पोहोचतो. तेव्हा तो मागे बसलेल्या विद्यार्थ्याच्या हातात द्या. त्याच्याजवळ तीच पानं असलेला दुसरा टॅब किंवा छापील प्रत असू द्या. तो रंगमंचावर उठत नाही, कलाकाराच्या आणि श्रोत्यांच्या मध्ये येत नाही. त्या विद्यार्थ्याला गाणं आतून ऐकण्याची संधीही मिळते, कारण पुढची ओळ कधी येणार हे त्याला कलाकाराइतकंच नेमकं माहीत असावं लागतं. मांडी घालून बसणाऱ्या पेटीवाल्यासाठी मला हा उपाय इतर सगळ्यांपेक्षा चांगला वाटतो.

आणखी एक गोष्ट तपासा. तुम्ही पायाने ताल धरता का? बरेच जण नकळत धरतात. ज्या पायाने ताल धरता तो पाय पेडलवर ठेवायचा नाही. सवय मोडायचा प्रयत्न करण्यापेक्षा पेडलच दुसऱ्या पायाकडे न्यावं.

चेहऱ्याने आणि कानाने

पायाऐवजी चेहऱ्याच्या खुणांनी पान उलटायची सोय काही ॲपमध्ये आहे. आयपॅडवरचं ‘फोरस्कोर’ हे ॲप कॅमेऱ्याच्या मदतीने मान वळवली किंवा ओठ एका बाजूला नेले की पान पुढे नेतं. ही सोय त्याच्या सशुल्क वर्गणीत आहे आणि ठरावीक आयपॅडवरच चालते. ऑर्गनवाल्याला हे वरदान आहे. गायकाला आणि बासरीवाल्याला ओठांची खूण निरुपयोगी, हे उघड आहे. व्हायोलिनवाल्याची हनुवटी वाद्यावर टेकलेली असते, त्यामुळे मान वळवणं त्याला अवघड. आपल्या बैठकीत आणखी एक अडचण येते. समेवर मान हलते, चांगल्या जागेला तबलजीकडे पाहिलं जातं, पेटीवाल्याला नजरेने खूण केली जाते. या साऱ्या हालचालींना ॲप पान उलटण्याची खूण समजू शकतं. हालचाल किती मोठी असली तर पान उलटावं हे ठरवता येत असेल तर ती मर्यादा वाढवून ठेवा आणि एक पूर्ण तालीम नेहमीच्या साथीदारांसह करून मगच भरवसा ठेवा.

वाजवलेलं ऐकून आपोआप पान उलटण्याची कल्पनाही जुनी आहे. १९८४ मध्ये रॉजर डॅननबर्ग आणि बॅरी व्हर्को या दोघांनी स्वतंत्रपणे संगणकाने वादकाच्या मागोमाग स्वरलिपीत चालत जाण्याच्या पद्धती मांडल्या होत्या. जिथे प्रत्येक सूर लिहिलेला आहे आणि तसाच वाजणार आहे तिथे हे चालू शकतं. जिथे मुखडा तीनदा घेतला जाईल की पाच वेळा हे गायकही आधी सांगू शकत नाही, तिथे यंत्राला पाठलाग करायला ठरलेली वाटच नसते. ठरावीक वेगाने वर सरकणाऱ्या पानाचंही तेच. क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठोक्यांवर, वाजवणाऱ्या वाद्यवृंदाला ते उपयोगी आहे. भावगीताच्या कार्यक्रमात निवेदन लांबलं, श्रोत्यांनी टाळ्या धरल्या की पान गाण्याच्या पुढे निघून जातं.

पेडल घ्यायचंच असेल तर

ब्लूटूथ पेडल टॅबला स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून करून देतं. पाय दाबला की बाणाची किंवा ‘पेज डाउन’ची खूण टॅबकडे जाते आणि ॲप पान पुढे नेतं. एवढं लक्षात ठेवलं की त्याच्या बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो. पेडल जोडल्यावर आयपॅडच्या पडद्यावरचा कीबोर्ड गायब होतो, कारण टॅबला वाटतं खरा कीबोर्ड जोडलेला आहे. गाण्याचं नाव शोधायला कीबोर्ड हवा असेल तर पेडल तात्पुरतं बंद करावं लागतं. पेडल एका ॲपमध्ये चालतं आणि दुसऱ्यात चालत नाही, याचं कारण बहुधा दोन्ही ॲप वेगवेगळ्या कळांची वाट पाहत असतात. बहुतेक पेडलांवर ही कळ बदलायची सोय असते. पाय जास्त वेळ दाबून राहिला तर कीबोर्डवरची कळ दाबून धरल्यासारखीच खूण पुन्हा पुन्हा जाते आणि चार पानं सरसर पुढे जातात. आयपॅडच्या ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये कीबोर्डखाली कळ पुन्हा पुन्हा न पाठवण्याचा पर्याय असतो, तो निवडून टाका.

एअरटर्न, पेजफ्लिप, डोनर, आयके मल्टिमीडियाचं आयरिग ब्लूटर्न अशी बरीच नावं बाजारात आहेत. नावापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली आवाज. रात्री शांत खोलीत पेडल दाबा. टकटक ऐकू आली तर ती जवळच्या माइकलाही ऐकू येणार, ध्वनिमुद्रणात तर नक्कीच. दुसरी गोष्ट, अनवाणी पायाला ते कसं लागतं. आपल्याकडे रंगमंचावर चप्पल काढून बसायची पद्धत आहे आणि बुटासाठी बनवलेली कडक, अरुंद पट्टी तळव्याला टोचते. कार्यक्रमात जसे बसणार तसेच दुकानात बसून पाहा. तिसरी गोष्ट म्हणजे ते किती वेळाने झोपी जातं. बॅटरी वाचवण्यासाठी काही पेडलं थोड्या वेळाने बंद होतात आणि पहिल्या दाबाला फक्त जागी होतात, पान उलटतच नाही. लांब निवेदन संपत आलं की पेडल एकदा जागं करून घ्यायची सवय लावा, किंवा आपोआप बंद होणं थांबवता येणारंच पेडल घ्या.

दोन बटणांच्या पेडलवर उजवं पुढे नेतं आणि डावं मागे. घोटाळे बहुतेक वेळा डाव्यामुळेच होतात. अंधारात पाय चुकतो आणि पान मागे जातं. ॲपमध्ये डावं बटण निकामी करून टाकता येत असेल तर बिनधास्त करा. निदान पहिले काही महिने तरी.

ब्लूटूथवर विश्वास बसत नसेल तर वायरचं यूएसबी पेडल छोट्या जोडणीने अँड्रॉइड टॅबला लावता येतं. त्याला बॅटरी नाही, जोडणी तुटायची भीती नाही. जे एकाच जागी बसून वाजवतात, चर्चमधले ऑर्गनवादक सोडून, त्यांच्यासाठी तो स्वस्त आणि खात्रीचा पर्याय आहे.

पान तयार करणं

खरं काम इथे आहे, आणि याला कोणी फारसा वेळ देत नाही.

टॅबच्या पडद्याच्या मापापासून सुरू करू. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटर असतो. १२.९ इंची आयपॅडचा पडदा साधारण १९७ बाय २६२ मिलिमीटर. छापील पानाच्या चारही बाजूंचा कोरा समास कापला तर मजकूर जवळजवळ मूळ मापात दिसतो. १४.६ इंची अँड्रॉइड टॅब आकड्यावरून बराच मोठा वाटतो, पण त्याचा पडदा लांबट असतो. उभा धरला तर रुंदी साधारण तेवढीच भरते, फक्त उंची वाढते. दहा-अकरा इंची टॅबवर स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायचं असेल तर चष्म्याच्या नंबराचा आणि स्टँडच्या अंतराचा विचार आधी करा. नुसते शब्द वाचायचे असतील तर तो पुरतो.

स्वरलिपी स्कॅन करताना घाई नको. भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकाच्या सुराखाली बिंदू असतो, तार सप्तकाच्या सुरावर बिंदू असतो, कोमल सुराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ. मोबाइलने अंधुक उजेडात फोटो काढला आणि तो दाबून लहान केला की आधी जातात ते हे बिंदू. मग मंद्र निषाद मध्य निषादासारखा दिसतो आणि रंगमंचावर बोट चुकीच्या पट्टीवर पडतं. किमान ३०० डीपीआयवर स्कॅन करा, पान सरळ ठेवा आणि तयार झाल्यावर प्रत्येक पान मोठं करून बिंदू शिल्लक आहेत का ते पाहा. समास कापतानाही खालच्या ओळीचे बिंदू आणि लयीचे कंस कापले जात नाहीत ना, हे तपासा.

शब्दांच्या पानांची वेगळी रड असते. आपल्याकडे कित्येक मंडळांची भजनं, भावगीतं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलेली आहेत. ती फाइल टॅबवर उघडली की देवनागरीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात, कारण तो फॉन्ट टॅबवर नसतो. ज्या संगणकावर ती नीट दिसते तिथेच तिची पीडीएफ बनवा आणि पीडीएफच टॅबवर न्या. वेळ असेल तर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून ठेवा. पुढची अनेक वर्षं तो त्रास राहणार नाही.

पुन्हा टाइप करताच आहात तर गाणं ज्या क्रमाने गायलं जातं त्याच क्रमाने लिहा. कागदावर जागा वाचवण्यासाठी आपण ध्रुवपद एकदाच लिहितो आणि प्रत्येक कडव्यानंतर नजर वर नेतो. टॅबवर मागचं पान आणणं म्हणजे आणखी एक दाब, आणखी एक चूक. ध्रुवपद, पहिलं कडवं, पुन्हा ध्रुवपद, दुसरं कडवं असं सरळ लिहून काढलं की पाय फक्त पुढे जातो. स्टाफ नोटेशनमध्येही जिथे मागे जाऊन पुन्हा वाजवायचं असतं तिथे ती पानं पीडीएफमध्ये पुन्हा जोडून टाकता येतात. फोरस्कोर आणि अँड्रॉइडवरचं मोबाइलशीट्स यांत पानावर एक बिंदू ठेवून दुसऱ्या पानाकडे उडी मारायची सोयही आहे, पण वाजवताना सहसा बिंदूवर बोट टेकवावं लागतं. माझी पसंती पानं जोडण्याला.

गीतरामायणासारखा कार्यक्रम करणाऱ्यांनी हे विशेष मनावर घ्यावं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या या मालिकेत ५६ गीतं आहेत आणि बऱ्याच गीतांना कडवी भरपूर आहेत. कुठली कडवी घ्यायची हे आधी ठरतं. जी गायची नाहीत ती पानावर ठेवूच नका. फुली मारून ठेवलेलं कडवंही ऐन वेळी डोळ्याला ओढून घेतं. टाइप थोडा लहान करून दोन रकान्यांत मांडलं तर पुष्कळ गाणी एका पडद्यात बसतात, आणि त्या गाण्यात पान उलटायचा प्रश्नच उरत नाही. मांडी घालून बसणाऱ्या गायकाला याहून मोठी मदत कुठलंही यंत्र करू शकत नाही.

जिथे दोन पानं लागतीलच तिथे तोड कुठे पडते हे स्वतः ठरवा. शब्दांच्या पानात ती कडव्याच्या शेवटी, जिथे वाद्यांचा तुकडा आहे तिथे पडली पाहिजे. दुसऱ्या पानाच्या माथ्यावर पहिल्या पानाची शेवटची ओळ फिकट अक्षरांत पुन्हा द्या, म्हणजे थोडं लवकर किंवा उशिरा उलटलं तरी डोळ्याला धागा सापडतो. छापील स्टाफ नोटेशनमध्ये तोड बदलता येत नाही, तिथे अर्धं पान उलटण्याची सोय वापरा. पाय दाबला की पडद्याच्या वरच्या अर्ध्यात पुढच्या पानाचा वरचा भाग येतो आणि खालच्या अर्ध्यात चालू पानाचा खालचा भाग तसाच राहतो. म्हणजे खालचा भाग वाजवता वाजवता कधीही दाबलं तरी चालतं. पियानो आणि व्हायोलिन शिकणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हीच सवय लावावी असं मी सुचवेन.

पायाची तालीम

पान उलटणं हाही वादनाचाच भाग आहे आणि त्याची तालीम वादनाबरोबरच व्हायला हवी. बरेच जण घरी बोटाने उलटत सराव करतात आणि पेडल कार्यक्रमाच्या दिवशी काढतात. मग पायाला त्याची जागाच माहीत नसते.

सवय झालेला वाचक वाजवत असलेल्या मात्रेच्या पुढे पाहत असतो. त्यामुळे पान संपण्याच्या थोडं आधी दाबायचं असतं आणि शेवटचे काही सूर आठवणीतून वाजवायचे असतात. प्रत्येक पानाचं शेवटचं माप पाठ करा. पानावर दाबायची जागा डिजिटल पेनाने ठळक खुणेने दाखवा, आणि ती खूण शेवटच्या मात्रेवर न करता जिथे पाय खरोखर दाबायचा तिथेच करा. नंतर फक्त त्या जागांची तालीम घ्या. दोन मापं आधीपासून सुरू करायचं, दाबायचं, दोन मापं पुढे जाऊन थांबायचं. लय संथ ठेवा. पाय दाबताना उजव्या पायाने सस्टेन पेडलही दाबलं जातं का, खांदा वर जातो का, गजाचा दाब वाढतो का, हे कान लावून ऐका. पायाच्या हालचालीचा सुरावर डाग पडत असेल तर दाबायची जागा एक-दोन मात्रा पुढेमागे करून पाहा. अर्धं पान उलटण्याची सोय असली की त्याला पुष्कळ वाव मिळतो.

गायकांनी श्वास घेण्याच्या जागी दाबावं. त्या क्षणी नजर तशीही पुढच्या ओळीकडे जाते.

कार्यक्रमाच्या दिवशी

सगळी पानं टॅबमध्येच उतरवून ठेवा, इंटरनेटवर ठेवून भागत नाही. सभागृहात नेट मिळेलच असं नाही. एअरप्लेन मोड लावा आणि त्यानंतर ब्लूटूथ तेवढा सुरू करा. स्क्रीन आपोआप बंद होणं आणि उजेड आपोआप कमी-जास्त होणं, दोन्ही थांबवा. त्याच दिवशी ॲप किंवा टॅब अद्ययावत करू नका. आयपॅडवर ‘गाइडेड ॲक्सेस’ आणि अँड्रॉइडवर स्क्रीन पिन करायची सोय आहे. ती लावली की दुसरं ॲप मध्येच उघडत नाही.

पेडल टॅबशी घरीच जोडून न्या. खिशातल्या फोनलाही तेच पेडल कधी जोडलं असेल तर ते रंगमंचावर फोनकडे जाऊ शकतं, म्हणून फोनचा ब्लूटूथ बंद ठेवा. एकाच कार्यक्रमात दोघांकडे एकाच कंपनीचं पेडल असेल तर दोन्ही यंत्रांची नावं यादीत सारखीच दिसतात. एकाने आपलं जोडून झाल्यावरच दुसऱ्याने सुरू करावं.

सतरंजीवर किंवा जाड गालिच्यावर पेडल रुततं आणि सरकतं. घरातला लाकडी पाट त्याखाली ठेवा आणि पाटाला ते काळ्या चिकटपट्टीने घट्ट करा. गुळगुळीत फळ्यांच्या रंगमंचावर पाटाखाली रबराची पातळ चटई लागते. उन्हाळ्यातल्या उघड्या मांडवात टॅब तापतो. ॲपलने आयपॅड वापरण्यासाठी सभोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलं आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळ सरतानाच ते ओलांडलं जातं. तापलेल्या टॅबचा पडदा आधी मंदावतो आणि मग टॅब काम थांबवतो. त्यामुळे तालीम संपली की टॅब सावलीत ठेवा, स्टँडवर उन्हात सोडून जेवायला जाऊ नका.

सेटलिस्टमध्ये गाणी कार्यक्रमाच्या क्रमाने लावली की शेवटच्या पानानंतर पेडल थेट पुढच्या गाण्यावर जातं. क्रम ऐन वेळी बदलतो, हे आपल्या कार्यक्रमांत नेहमीचं आहे. निवेदकाच्या हातातली यादी आणि टॅबमधली यादी एक आहे ना, हे पडदा उघडण्याआधी ताडून पाहा. ‘वन्स मोअर’ मिळाला तर गाण्याच्या पहिल्या पानावर कसं जायचं, तेही माहीत असू द्या. नुसतं मागचं बटण दाबत बसलात तर टाळ्या संपतात.

इतकं करूनही पेडल कधी तरी बंद पडणार. तेव्हा काय करायचं हेही तालमीत ठरवा. पडद्याच्या उजव्या कडेला बोटाचा हलका स्पर्श केला की पान पुढे जातं. तो स्पर्श कुठल्या हाताने आणि कुठल्या विरामात करायचा हे प्रत्येक गाण्यासाठी आधीच पाहून ठेवा. पेटीवाल्याने भात्यात हवा भरून घेऊन डावा हात क्षणभर सोडावा, सूर तेवढा वेळ टिकतो. कीबोर्डवाल्याने त्या क्षणी कुठला हात वगळला तर कमी जाणवेल ते ठरवावं. बऱ्याचदा डावा हात वगळता येतो, पण बास वाजवणारा दुसरा वादक नसेल तर उजवा. सगळ्यात अवघड अशा दोन-तीन गाण्यांची छापील पानं एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवून स्टँडच्या मागे ठेवा. टॅबच बंद पडला तर तो पुठ्ठा पुढे ओढायला एक विराम पुरतो. आणि पेडलचे जादा सेल पेटीच्या खोक्यात, टॅबच्या चार्जरशेजारी, कायमचे ठेवून द्या.